साखर २०० ग्रॅम, मीठ मात्र ३६ ग्रॅमच! (विरघळण्याचे तोलून-मोजून करायचे प्रयोग)

लोलक (इंदूर)

इथल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी शिबिरात सहावी ते नववीच्या मुलांना 'विरघळणे' हा विषय प्रयोगातून द्यायचा आहे. सगळ्यांना येतोच असं समजून हा विषय नेहमी उरकला जातो. पेल्यात चमचाभर साखर टाकली, ढवळली, दिसेनाशी झाली, टाळ्या. मला तो काट्यावर तोलून, आकडे वहीत लिहून करून घ्यायचा आहे, कारण खरी गंमत आकड्यांत आहे. १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सियसला मीठ ३६ ग्रॅम विरघळतं आणि साखर २०० ग्रॅमच्या आसपास. पाणी तेच, फरक साडेपाचपट.

साहित्य : १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, ४०० मिलिचे दोन काचेचे पेले, १०० मिलिचा प्लास्टिकचा मेजरिंग सिलिंडर, ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेचा थर्मामीटर (तापाचा नको, तो ४२ च्या पुढे जात नाही), लाकडी किंवा प्लास्टिकचे चमचे.

प्रयोग असा. दोन्ही पेल्यांत १००-१०० ग्रॅम पाणी. पहिल्यात मीठ ५-५ ग्रॅमने घालायचं, ३० नंतर १-१ ग्रॅमने. प्रत्येक वेळी दोन मिनिटं ढवळायचं. ३६ च्या आसपास तळाशी दाणे राहू लागतात आणि कितीही ढवळलं तरी हलत नाहीत. दुसऱ्यात साखर २०-२० ग्रॅमने. पेला ४०० मिलिचा का, तर २०० ग्रॅम साखर विरघळल्यावर १०० मिलि पाण्याचं सव्वादोनशे मिलि द्रावण होतं. छोट्या पेल्यात ढवळताना निम्मं टेबलावर येतं आणि मग मुंग्यांचं वेगळं शिबिर भरतं.

जाणकारांनी चुका काढाव्यात, भर घालावी.

भियाजी

बढिया धागा भिया... म्हणजे ताई. एकच शंका. मे महिन्यात इंदुरात खोलीचं तापमान २० अंश कोणत्या खोलीत असतं?

बडोदेकर

भियाजींनी थट्टेत विचारलं तरी मुद्दा रास्त आहे. तापमान लिहिल्याशिवाय विद्राव्यतेचा (जास्तीत जास्त किती विरघळतं याचा) आकडा अर्धवट असतो. १०० ग्रॅम पाण्यामागे साधारण आकडे असे :

साखर : ० अंशाला १८०, २० ला २००, ३० ला २१७, ४० ला २३५, १०० अंशांना ४८० च्या आसपास.
मीठ : ० अंशाला ३५.७, २० ला ३५.९, ४० ला ३६.४, १०० अंशांना ३९.

म्हणजे बर्फगार पाण्यापासून उकळत्या पाण्यापर्यंत गेलात तर साखर अडीचपटीहून जास्त वाढते आणि मीठ जेमतेम साडेतीन ग्रॅम. धाग्याच्या शीर्षकातल्या फरकापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो. पाक, खडीसाखर, साखर कारखान्यातलं स्फटिकीकरण, कच्छच्या रणातली मिठागरं, या सगळ्यांची रीत यावरूनच ठरते. साखरेचं गरम द्रावण थंड केलं की साखर बाहेर पडते. मिठाचं थंड करून काही हाती लागत नाही, तिथे पाणीच उडवावं लागतं. म्हणून मीठ पिकवायला उन्हाची विस्तीर्ण सपाट जमीन लागते.

शिबिरात खोली ३५ अंशांना असेल तर साखर २२५ च्या आसपास थांबेल, मीठ ३६ लाच. मुलांना आधी तापमान लिहायला लावा.

आणखी एक. शेवटची ४०-५० ग्रॅम साखर फार रेंगाळते. द्रावण मधासारखं दाट होतं, दाण्याभोवतीचा संपृक्त (आणखी साखर न मावणारा) थर हटत नाही आणि नवीन पाणी दाण्यापर्यंत पोचत नाही. मुलं कंटाळून "संपली मर्यादा" म्हणतात आणि आकडा १६० वर येतो. दळलेली साखर वापरली की वेळ वाचतो. दाणा बारीक केल्याने विरघळण्याचा वेग वाढतो, मर्यादा वाढत नाही. गरम करून वेळ वाचवायला जाऊ नका, का ते पुढे खडीसाखरेचं निघालं की सांगतो.

तिन्हीसांज

काका, मिठाचं पाणी गढूळ होतं. मुलं म्हणतात विरघळलंच नाही. तसंच बोअरचं पाणी असेल तर आकडे बदलतील का?

बडोदेकर

गढूळपणा बहुधा मिठाचा नसतो. पिशवीतलं मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात गुठळ्या न होऊ देणारे पदार्थ किंचित घातलेले असतात. त्यांतले काही, उदाहरणार्थ सिलिका, पाण्यात विरघळत नाहीत. खड्याच्या मिठात ते नसतात, पण माती असते. पेला अर्धा तास स्थिर ठेवा, नाहीतर गाळणकागदातून गाळा. पारदर्शक झाला म्हणजे सगळं विरघळलं आणि गढूळ आहे म्हणजे उरलं, अशी सरसकट खूण धरू नका. तळाशी टोकदार, चमकणारे दाणे दिसतात का ते बघा.

बोअरच्या पाण्याने काही बिघडत नाही. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार म्हणजे १०० मिलिला ०.०५ ग्रॅम. तुमच्या काट्याला ते दिसणारही नाही. नर्मदेचं असो की बोअरचं, या प्रयोगाला चालेल.

चिकित्सक

पातळीबद्दल कोणीच बोलत नाहीये. शाळेत शिकवतात की साखर-मीठ पाण्यात टाकलं तरी पातळी वाढत नाही, कारण कण पाण्याच्या रेणूंमधल्या रिकाम्या जागेत बसतात. आणि वर ताई म्हणतात १०० मिलिचं सव्वादोनशे झालं. दोन्ही एकदम कसं खरं?

लोलक

म्हणूनच सिलिंडर यादीत आहे. :) बडोदेकर सर, आकडे तुम्हीच द्या.

बडोदेकर

पातळी वाढते. १०० मिलिच्या बीकरमध्ये ५० मिलि पाण्यात ५ ग्रॅम मीठ टाकलं तर आकारमान सुमारे १.६ मिलिने वाढतं. बीकरचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर पाणी एक मिलिमीटरही चढत नाही. पेनने केलेल्या खुणेची जाडीच तेवढी असते, म्हणून मुलं "बदल नाही" लिहितात आणि शिक्षक बरोबरची खूण करतात.

अरुंद सिलिंडरमध्ये हे करा :

(अ) ५० मिलि पाणी, ५० ग्रॅम साखर. पूर्ण विरघळल्यावर पातळी ८१ मिलिच्या जवळ येते. साखरेच्या स्फटिकाची घनता १.५९, म्हणजे ५० ग्रॅमचं स्वतःचं आकारमान ३१.५ मिलि. वाढ जवळपास तेवढीच. "रिकाम्या जागेत" फारसं काही गेलेलं नाही.

(ब) ५० मिलि पाणी, १५ ग्रॅम मीठ. टाकल्या टाकल्या, ढवळायच्या आधी, पातळी ५७ च्या आसपास दिसेल (मिठाची घनता २.१६, १५ ग्रॅमचे ७ मिलि). विरघळल्यावर ती ५५ च्या थोडी वर येऊन थांबते. म्हणजे विरघळताना पातळी खाली आली! हे जे दीड-पावणेदोन मिलि गेले ते खरे आकसणं. सोडियम आणि क्लोराइडचे आयन आपल्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना घट्ट ओढून धरतात, त्यामुळे पाणीच थोडं दाटीने बसतं.

(ब) करताना मिठाबरोबर हवेचे बुडबुडे आत जातात आणि पहिला आकडा फुगतो. सिलिंडर बोटाने टिचकवून बुडबुडे वर आणा, मगच वाचा. पातळी वक्राच्या तळाशी, डोळा त्याच उंचीला ठेवून.

आता घोळ का होतो ते. एक कप पाण्यात एक कप साखर घातली तर दोन कप होत नाहीत, दीड कप होतो, आणि लगेच म्हणतात बघा, रेणूंच्या फटीत गेली. प्रत्यक्षात २४० मिलिच्या कपात साखर मावते २०० ग्रॅमच्या आसपास, तिचं खरं आकारमान १२६ मिलि. बाकीची दाण्यांमधली हवा होती, ती निघून गेली. फटी होत्या, पण साखरेत.

चिकित्सक

हे पटलं. मग परीक्षेत काय लिहायचं?

लोलक

परीक्षेत "कणांमध्ये जागा असते" लिहायचं, ते खोटं नाही. फक्त पातळी मुळीच वाढत नाही असं लिहू नये. "थोड्या मिठाने लक्षात येण्याजोगी वाढत नाही" असं लिहिलं तर कोणी गुण कापणार नाही.

तिन्हीसांज

त्याच जोडीला : विरघळणं भौतिक बदल की रासायनिक? घरात वाद चालू आहे.

बडोदेकर

साखरेचं सोपं आहे. रेणू अख्खाच्या अख्खा सुटून पाण्यात येतो. त्यावर आठ ओएच गट असतात, पाण्याचे रेणू त्यांना हायड्रोजन बंधाने धरतात. आत काही तुटत नाही, म्हणून भौतिक.

मिठात रेणू असा नसतोच. सोडियम आणि क्लोराइडच्या आयनांची जाळी असते, ती सुटते आणि दोन्ही वेगवेगळे फिरू लागतात. जाळीतले बंध तुटले म्हणून काही जण याला रासायनिक म्हणतात, आणि तो युक्तिवाद अगदी टाकाऊ नाही. पण पाणी आटवलं की तेच मीठ जसंच्या तसं मिळतं, शालेय पातळीवर भौतिकच.

आयन वेगळे झाले हे दाखवायचं असेल तर ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि पेन्सिलीची दोन शिसं घ्या. शिसं मिठाच्या पाण्यात बुडवली की दिवा लागतो, साखरेच्या पाण्यात नाही. इथे मात्र पाण्याचा प्रकार महत्त्वाचा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, त्यात साखर घातली तरी दिवा मिणमिणतो आणि प्रयोगाचा बोऱ्या वाजतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. घरातल्या विजेच्या बोर्डाला काहीही जोडायचं नाही, आणि मिठाच्या पाण्यात शिसं दहा-पंधरा सेकंदच ठेवा, थोडा क्लोरिन निघतो.

अवांतर, पण मला आवडतं म्हणून. साखर वजनाने साडेपाचपट जास्त विरघळते, हे खरं; पण साखरेचा रेणू फार जड आहे, ३४२. मिठाचा सूत्रभार (एका सोडियम-क्लोराइड जोडीचं वजन) ५८.५. भागून बघा. २०० ग्रॅम साखर म्हणजे ०.५८ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक), ३६ ग्रॅम मीठ म्हणजे ०.६२ मोल. मोजदाद केली तर दोघं जवळजवळ बरोबरीत! दोन्हीकडे एकामागे पाण्याचे नऊ-साडेनऊ रेणू वाट्याला येतात. मिठाचे तर पुन्हा दोन-दोन आयन होतात, म्हणजे कणांच्या हिशोबाने मीठच पुढे. नववीच्या मुलांना हे फळ्यावर करून दाखवा.

भियाजी

+१. दंडवत काका.

आता आमच्या कामाचं. (इंदुरात शिकंजी म्हणजे दुधाची, दाट, त्यामुळे ती बाजूला.) साध्या लिंबाच्या सरबतात बर्फ घालून मग साखर टाकली तर ती तळाला बसून राहते. वरच्या आकड्यांप्रमाणे तर शून्य अंशालाही १०० ग्रॅम पाण्यात १८० ग्रॅम विरघळायला पाहिजे. पेल्यात साखर असते दोन चमचे. मग?

लोलक

मर्यादा आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरबताचा पेला मर्यादेच्या जवळपासही नसतो. पण थंडीत रेणूंची हालचाल मंद, आणि तळाशी साखरेचं जे दाट द्रावण तयार होतं ते जड असल्यामुळे तिथेच पांघरूण घालून बसतं. साखर त्या संपृक्त थराखाली पडून राहते आणि वरचं पाणी फिकंच राहतं.

उपाय दोन. साखर आधी तिच्या निम्म्या कोमट पाण्यात विरघळवून घ्या, मग गार पाणी आणि बर्फ. किंवा मुलांना दाखवायला : खडीसाखरेचा खडा दोऱ्याला बांधून पेल्याच्या वरच्या भागात, पाण्याच्या पृष्ठभागाखाली बोटभर, लोंबकळत ठेवा आणि मागे खिडकीचा उजेड येऊ द्या. खड्यापासून खाली उतरणाऱ्या बारीक वळवळत्या रेघा दिसतात. तेच दाट द्रावण. ते उतरतं तसं वरचं ताजं पाणी खड्याला भेटतं. तसाच दुसरा खडा दुसऱ्या पेल्याच्या तळाशी टाका, दोन्ही न ढवळता. टांगलेला खडा आधी संपतो.

तिन्हीसांज

पाण्यात मीठ घातलं की लवकर उकळतं म्हणतात, ते?

बडोदेकर

उलट. लिटरला १० ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू ०.१७ अंशाने वाढतो. स्वयंपाकात त्याचा काही फरक पडत नाही. उकळीच्या बेतात आलेल्या पाण्यात मीठ टाकताच फसफसतं, त्यावरून हा समज झाला असावा. दाण्यांच्या कडांवर बुडबुडे धरायला जागा मिळते, एवढंच.

स्टीलच्या पातेल्यात मीठ उकळी आल्यावर घालून ढवळावं. थंड पाण्यात टाकलेले दाणे तळाशी पडून राहतात आणि तिथलं क्लोराइड स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं.

परात आणि पाक (इंदूर)

धागा वाचते आहे. विज्ञान बडोदेकर काकांकडून, पाकाचं मी सांगते, केटरिंगचंच काम आहे.

सर्वात आधी थर्मामीटर. पुस्तकांतले पाकाचे अंश समुद्रसपाटीचे असतात. एकतारी १०४ ते १०६, दोनतारी त्याच्यावर ११० पर्यंत, गोळीबंद ११२ ते ११६. इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे साधं पाणीच ९८ अंशांना उकळतं. इथे १०५ पर्यंत थांबलात तर तुम्हाला हवा होता त्यापेक्षा पुढचा पाक झालेला असतो. म्हणून अंश पाठ करू नका, फरक पाठ करा. आधी त्याच थर्मामीटरने साधं उकळतं पाणी मोजा. त्याच्यावर ५ म्हणजे एकतारी, १३-१४ म्हणजे गोळीबंद. थर्मामीटर एखादा अंश खोटा असला तरी तोही यात धरला जातो. बडोद्याला आणि इथे एकच कृती वेगळी का लागते, त्याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं. गोळीबंदाला मात्र ११० चा थर्मामीटर पुरणार नाही, २०० चा घ्या.

पाक चढतो म्हणजे काय होतं? साखर वाढत नाही, पाणी कमी होतं. एकतारीला साखर साधारण ७० टक्के. म्हणजे १०० ग्रॅम पाण्यामागे २३३ ग्रॅम. काकांचा तक्ता बघा, हे ४० अंशांचं प्रमाण आहे. त्याखाली थंड झाला की पाकात हक्कापेक्षा जास्त साखर आहे, आणि ती बाहेर पडायला निमित्त शोधते. जानेवारीच्या रात्री इथे पारा १० च्या घरात जातो, तेव्हा सकाळी जिलबीच्या पाकाच्या कडेला खडे धरलेले असतात ते यामुळे.

निमित्तं कोणती? कडेला उडून सुकलेले दाणे, साखर लागलेला चमचा परत पाकात घालणं, थंड होत असताना ढवळणं. पातेल्याच्या कडा ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात. साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आच, तोवर उकळी नको. एकदा उकळी आली की चमचा बाहेर.

मळी काढायची तर किलोमागे दोन मोठे चमचे दूध पाण्यात मिसळून उकळत्या पाकात कडेने सोडा. दुधातली प्रथिनं फाटून कचरा धरतात आणि फेस होऊन वर येतात, झाऱ्याने काढून टाका. बंगाली मिठाईचा पाक असो की मावाबाटीचा, हे करावंच.

जिलबीच्या पाकात किलोला अर्ध्या लिंबाचा रस. आंबट आणि उष्णता मिळून थोडी साखर फुटते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. हे भलतेच रेणू मध्ये घुसले की साखरेच्या रेणूंना रांगेत बसता येत नाही आणि पाक साखरत नाही. लिंबू शेवटच्या क्षणी पिळलं तर फक्त चव येते. उकळी आल्यावर घालून पाचेक मिनिटं तरी मिळायला हवीत.

भियाजी

म्हणजे पोहे-जिलबीतली जिलबी कडक-रसरशीत आणि पाक पातळ, तो लिंबाचा प्रताप.

परात आणि पाक

कडकपणा आंबवण्याचा आणि तळणाचा. पाक न साखरणं लिंबाचं.

चिकित्सक

मग संक्रांतीच्या हलव्याला पण लिंबू?

परात आणि पाक

अजिबात नाही! हलव्याला पाक साखरायलाच हवा, काटा म्हणजे साखरलेला पाकच की. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, चमचाभर दुधाने मळी काढायची आणि एकतारीच्या किंचित अलीकडे उतरवायचा. गाळून कोमट ठेवायचा. परातीत दोन चमचे तीळ किंवा खसखस, खाली अगदी मंद आच, परातीला हात लावता आला पाहिजे. छोटा चमचा पाक सोडून बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं, पूर्ण सुकला की पुढचा. प्रत्येक थरात पाणी उडतं आणि साखर आधीच्या टोकांवर जास्त बसते, म्हणून काटा वाढत जातो.

काय चुकतं : एका वेळी जास्त पाक घातला तर दाणे चिकटून गोळे. आच मोठी तर साखरेची भुकटी सुटते आणि काटा घासला जातो. भुकटी दिसली की परात पुसून घ्या, नाहीतर ती नव्या पाकात बसून काटा बोथट करते. पाक परातीशेजारी थंडगार झाला तर वाटीतच साखरतो, वाटी गरम पाण्यात ठेवा. आणि मावठ्याच्या, ढगाळ दिवशी करूच नये. हवेत ओल असली की थर सुकत नाहीत, हलवा गुळगुळीत होतो. इंदूरची कोरडी थंडी याला फार चांगली.

लोलक

वाचनखूण साठवली. मे महिन्यात हलवा शक्य नाही, पण खडीसाखर करून दाखवायची आहे. प्रमाण १०० पाण्याला २५० साखर घेऊ का?

बडोदेकर

तेच सांगायचं होतं. २५० हे प्रमाण थंडीत चालतं. खोली २० अंशांना असेल तर ५० ग्रॅम जास्तीची साखर बाहेर पडायला मोकळी. तुमच्याकडे मे महिन्यात खोली ३८-४० ला, तिथे २३५ ग्रॅम विरघळलेलीच राहणार. १५ ग्रॅमच्या जिवावर दोऱ्याला काही लागत नाही, आणि मुलं रोज येऊन रिकामा दोरा बघतात. २८० ते ३०० घ्या.

पाणी तापवून साखर हळूहळू घालत पूर्ण विरघळवा, एकही दाणा राहता कामा नये. आधी गरम करू नका म्हटलं होतं ते यासाठी : गरम करून विरघळवलेली साखर थंड झाल्यावर लगेच बाहेर पडत नाही, द्रावण मर्यादेपेक्षा जास्त साखर धरून तसंच राहतं. पहिल्या प्रयोगात त्यामुळे आकडा खोटा येतो, इथे आपल्याला तेच हवं आहे. दोरा आधी द्रावणात बुडवून साखरेत घोळवा आणि पूर्ण वाळवा. ओला घातला तर दाणे गळून तळाशी जातात आणि खडे तिथेच धरतात. दोरा तळाला आणि काचेला लागू देऊ नका, वर पातळ फडकं बांधा, झाकण नको. आठवडा-दहा दिवस भांडं जागचं हलवायचं नाही. वर पापुद्रा धरला तर हलक्या हाताने मोडून काढा.

भियाजी

आणि पहिल्या प्रयोगातलं उरलेलं मिठाचं पाणी? झाडांना?

बडोदेकर

झाडांना नको, मरतील. साडेसव्वीस टक्क्यांचं द्रावण आहे ते. गाळून उथळ काचेच्या ताटलीत बोटाच्या पेराएवढं ओता आणि गच्चीवर जाळी घालून ठेवा. स्टील-ॲल्युमिनियम नको, खड्डे पडतील. मे महिन्यातल्या तुमच्या उन्हात मीठ लवकर धरतं. रात्री ताटली आत घेतली आणि पाणी सावकाश आटलं तर खडे मोठे येतात. पृष्ठभागावर तरंगणारे काही खडे मधून पोकळ, पायऱ्या-पायऱ्यांचे होतात, ते भिंगाने दाखवा. तळाचे चौकोनी असतात.

शेवटचं चमचाभर पाणी आटवू नका, ओतून टाका. मीठ खड्याचं असेल तर मॅग्नेशियमचे क्षार त्या पाण्यात गोळा होतात, ते आटलं तर पावसाळ्यात सगळं मीठ ओलं होतं. आगरातही तेच करतात. खारं पाणी बोमे मापकावर (द्रावणाचा दाटपणा दाखवणारं तरंगतं उपकरण) २५ च्या वर गेलं की मीठ पडू लागतं, आणि २९-३० झालं की उरलेलं पाणी काढून देतात.

लोलक

ताटल्या ठरल्या. चिकित्सक, शनिवारी सिलिंडर वाचायला याल का? डोळा पातळीला ठेवणारं कोणीतरी मोठं माणूस लागेल.

चिकित्सक

येतो. काटा मी आणतो, ०.१ ग्रॅमचा आहे.